जाळीदार यंत्रातलं कॅलेंडर: जुनं स्केलेटन पर्पेच्युअल घड्याळ कसं पारखावं, कसं लावावं, कसं जपावं

लहानपणी मूठ वळून बोटांच्या सांध्यांवर महिने मोजायला आपण सगळेच शिकलो. उंचवटा आला की ३१, खळगा आला की ३०, आणि फेब्रुवारीपाशी पोचलं की मोठ्यांकडे बघायचं. महिन्याचे दिवस आणि लिप वर्ष स्वतःच ओळखणाऱ्या पर्पेच्युअल कॅलेंडरच्या घड्याळात हीच मूठ धातूची करून बसवलेली असते. एक छोटं चाक, चार वर्षांत एक फेरी, आणि त्याच्या कडेवर ४८ महिने. त्यांतले २८ महिने ३१ दिवसांचे, तिथे कड पूर्ण उंचीची. १६ महिने ३० दिवसांचे, तिथे उथळ खाच. उरले चार फेब्रुवारी: तीन सर्वांत खोल खाचा आणि लिप वर्षाची एक किंचित कमी खोल. रात्री एक लांब लिव्हर आपली चोच या कडेवर टेकवतो आणि चोच किती आत गेली यावर ठरतं, की महिनाअखेरीला तारखेचा काटा किती घरं ओलांडणार. काही यंत्रांत १२ महिन्यांचं चाक असतं आणि फेब्रुवारीपुरतं त्यावर वेगळं फिरणारं पिल्लू. तत्त्व तेच.

साध्या घड्याळात हे सगळं डायलखाली झाकलेलं असतं. स्केलेटन घड्याळात डायल नाही, प्लेट आणि ब्रिज (चाकांना धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) कोरून जाळी केलेली, त्यामुळे ती धातूची मूठ उघडी. मला या घड्याळांचं वेड लागलं ते यामुळेच. ३० तारखेच्या रात्री भिंग लावून बसलात, तर लिव्हर खाचेत उतरताना दिसतो.

पण जे सौंदर्य दिसतं, ते दिसतं म्हणूनच आधीच्या मालकांनी केलेला छळही दिसतो. जुनं स्केलेटन घेणं म्हणजे बघायला शिकणं. किंमत, कागद, ब्रँड हे नंतर. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी: कॅलेंडर कोणतं, ते नेमकं ओळखा

बाजारात तीन-चार छोट्या तबकड्या दिसल्या की विक्रेता सरळ "पर्पेच्युअल" म्हणून मोकळा होतो. फरक असा. नुसती तारीख दाखवणारं घड्याळ वर्षातून पाच वेळा हाताने सुधारावं लागतं, कारण त्याला प्रत्येक महिना ३१ चाच वाटतो. तारीख, वार, महिना तिन्ही दाखवणारं कम्प्लीट कॅलेंडरही तितकंच अडाणी असतं, फक्त जास्त बोलकं. ॲन्युअल कॅलेंडरला ३० आणि ३१ कळतात, फेब्रुवारी कळत नाही, म्हणून वर्षातून एकदा, १ मार्चला, हात लावावा लागतो. हा प्रकार मनगटी घड्याळात पातेक फिलिप या स्विस कंपनीने १९९६ मध्ये आणला. तेव्हा कोणी "सत्तरच्या दशकातलं ॲन्युअल" म्हणून मनगटी घड्याळ विकत असेल तर गप्प निघून या. पर्पेच्युअलला लिप वर्षही कळतं. त्याची पहिली चूक होईल ती २१०० साली, कारण १०० ने भाग जाणारं पण ४०० ने न जाणारं वर्ष लिप नसतं, आणि ४८ खाचांच्या चाकाला हा ग्रेगोरियन नियम माहीत नसतो. २००० साल ४०० ने भागलं जात होतं, म्हणून ते बिनबोभाट पार पडलं.

दुसरी पायरी: कोणत्या काळातलं घ्यायचं?

इतिहास थोडक्यात. इंग्लंडमधल्या थॉमस मजने १७६० च्या दशकातच खिशातल्या घड्याळात पर्पेच्युअल कॅलेंडर बसवलं होतं. त्याच सुमारास पॅरिसचा आंद्रे-शार्ल कारों यंत्र उघडं दाखवणारी घड्याळं करत होता, असं मानलं जातं. पातेकने पर्पेच्युअल मनगटावर आणलं १९२५ मध्ये, तेही मूळ स्त्रियांच्या लॉकेट-घड्याळासाठी केलेलं यंत्र वापरून. पण जाळीदार पर्पेच्युअलचा खरा बहर १९७८ नंतरचा आहे, आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते.

२५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सायकोने अॅस्ट्रॉन हे बॅटरीवरचं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला काढलं आणि पुढच्या दशकात स्विस उद्योगाचं कंबरडं मोडलं. अचूक वेळ स्वस्तात मिळू लागली. अशा वेळी ल ब्रासू गावातल्या ओदमार पिगे कंपनीत मिशेल रोशा, जाँ-दानिएल गोले आणि विल्फ्रेद बर्ने या तिघांनी फारसा गाजावाजा न करता एक ऑटोमॅटिक पर्पेच्युअल कॅलेंडर यंत्र रचलं. १९७८ मध्ये ते बाजारात आलं: कॅलिबर (म्हणजे यंत्राचा नमुना) २१२०/२८००, जाडी ३.९५ मिलिमीटर, त्या वेळी जगातलं सर्वांत पातळ ऑटोमॅटिक पर्पेच्युअल. लोक बॅटरीच्या घड्याळांकडे पळत असताना शेकडो भागांचं चावीवाल्या वंशाचं यंत्र बाजारात आणणं याला धाडस म्हणा किंवा हट्ट.

त्याच्या पोटात होतं ते १९६७ चं जेजे-लकूल्त्र कॅलिबर ९२०. हे यंत्र २.४५ मिलिमीटर जाड, ताशी १९,८०० ठोक्यांचं. हाताच्या हालचालीने फिरून किल्ली देणारा रोटर गोल रुळावर माणकाच्या छोट्या चाकांवरून धावतो, त्यामुळे मध्यभागी भार येत नाही. गंमत म्हणजे जेजे-लकूल्त्रने ते स्वतःच्या घड्याळात कधी वापरलंच नाही. ओदमार पिगे, व्हाशेराँ कॉन्स्तान्तां आणि पातेक या तिघांनी ते आपापल्या नावाने वापरलं.

नवख्याने शोधायला सुरुवात करावी ती इथून. ओदमार पिगेचं गोल केसमधलं मॉडेल क्रमांक २५६६८, रॉयल ओक केसमधलं २५६३६, आणि व्हाशेराँचं ४३०३२ ही त्या घराण्यातली कोरीव पर्पेच्युअल. एकाच मूळ यंत्रावर वेगवेगळ्या हातांनी केलेली जाळी शेजारी ठेवून बघता येते, आणि डोळा तयार होण्यासाठी याहून चांगला अभ्यास नाही. लिलावांच्या सूचीतले मोठे फोटो त्यासाठी पुरतात. घ्यायचं नसलं तरी महिनाभर रोज बघा.

तिसरी पायरी: जाळी वाचा

सोन्याच्या बांगडीवरचं जाळीकाम ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना हे लगेच कळेल. प्लेटला आधी भोक पाडतात, त्यातून केसासारखं करवतीचं पातं ओवतात आणि नको तो धातू कापून काढतात. मग कानशी. मग कडेला ४५ अंशांचा उतार, ज्याला आंग्लाज म्हणतात. शेवटी जेन्शियन नावाच्या झाडाच्या काडीला बारीक लेप लावून तो उतार आरशासारखा चमकवायचा. किती धातू काढायचा याचं गणित कठीण: जास्त काढला तर ब्रिज वाकतो आणि चाकांचे आस हलतात, कमी काढला तर जाळी भोंगळ दिसते. अडीच मिलिमीटरच्या यंत्रात चुकायला जागाच नसते.

दहापट भिंग घ्या, दिवा तिरका धरा, आणि हे बघा.

सगळ्यात आधी आतले कोपरे. दोन उतार आत मिळतात तिथे टोकदार, सुरीसारखी रेघ हवी. फिरत्या यंत्राच्या टोकाने असा कोपरा होत नाही, तिथे गोलाई राहते. दहा कोपरे मोजा. नऊ तीक्ष्ण आणि एक गोल असेल तर माणसाचा हात थकला असेल. दहाच्या दहा गोल असतील तर तुम्ही हाताच्या कामाची किंमत यंत्राच्या कामाला देत आहात.

मग उताराची रुंदी. एका ब्रिजवर ती सगळीकडे सारखी हवी. कुठे रुंद, कुठे गायब असेल तर बहुधा नंतर कोणीतरी पॉलिश मारून धार खाल्ली आहे. हे नुकसान भरून येत नाही.

मग अक्षरं. कंपनीचं नाव किंवा अनुक्रमांक जाळीच्या मध्येच अर्धा कापलेला दिसला, तर थांबा. कारखान्यात कोरलेल्या यंत्रावर लेखनाची जागा आधीच राखलेली असते. अर्धं कापलेलं नाव सांगतं की साधं यंत्र नंतर कोणीतरी बाहेर कोरलंय. तसं काम कधीकधी देखणंही असतं, पण त्याची किंमत वेगळी.

इथे आपल्या गावचा विषय काढावाच लागतो. जगभरच्या संग्राहकांत "मुंबई स्पेशल" हा शब्द प्रचलित आहे, आणि तो कौतुकाचा नाही. जुनी स्विस यंत्रं, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग, वर नव्याने रंगवलेलं भडक डायल. स्केलेटनला रंगवायला डायलच नसतं म्हणून तो धोका कमी, असं मला पूर्वी वाटायचं. एकदा एका दुकानात मला "जुनं स्विस स्केलेटन कॅलेंडर" दाखवलं. वार, तारीख, महिना सगळं होतं. भिंग लावल्यावर दिसलं की महिन्याचा काटा कोणत्याच चाकाला जोडलेला नव्हता, बाजूचं बटण दाबलं की फक्त पुढे सरकायचा. जाळीचा हा उपकार: बघितलं तर खोटं लपत नाही.

शेवटी स्क्रूंच्या खाचा. कडा फाटलेल्या, खाचेबाहेर ओरखडे, म्हणजे चुकीच्या मापाचा स्क्रू-ड्रायव्हर वापरला गेलाय. ज्याने स्क्रूची काळजी घेतली नाही, त्याने आत दुसऱ्या कशाची घेतली असेल?

चौथी पायरी: कॅलेंडर चालवून बघा

विक्रेत्यासमोर, त्याच्या परवानगीने आणि शक्यतो त्याच्याच हातून. काटे नेहमी पुढेच फिरवायचे. मध्यरात्रीवरून मागे नेणं म्हणजे उघड्या लिव्हरच्या दातांवर हातोडी.

घड्याळ २८ फेब्रुवारीवर, लिप नसलेल्या वर्षात लावायला सांगा. क्राउनने (केसच्या बाजूच्या गोल किल्लीने) काटे सावकाश मध्यरात्रीपलीकडे न्या. तारीख १ वर गेली पाहिजे, महिना मार्च झाला पाहिजे. जुन्या यंत्रांत हे एका झटक्यात होत नाही, वार आधी आणि तारीख नंतर असा तास-दोन तासांचा पसारा चालतो, तो दोष नव्हे. दोष म्हणजे काटा दोन घरांच्या मध्ये अडकणं, किंवा २९ वर थबकून मग धक्क्याने सुटणं. हाच प्रयोग ३० एप्रिलवर करा. मग लिप वर्षाच्या फेब्रुवारीत, तिथे २९ दिसायला हवी.

लिप वर्ष कुठे दिसतं? सुरुवातीच्या २१२०/२८०० मध्ये त्याचा काटाच नव्हता. तो पुढे २१२०/२८०२ मध्ये आला. काटा नसेल तर २८ फेब्रुवारीचा प्रयोग हाच मार्ग: मध्यरात्रीनंतर २९ आली तर यंत्र लिप वर्षात आहे, १ आली तर नाही. तिथून केसच्या कडेला असलेलं महिन्याचं बटण बारा वेळा दाबलं की एक वर्ष पुढे. काटा असेल तर सोपं, २०२८ लिप आहे, २०२७ त्याच्या लगेच आधीचं, म्हणजे लिपनंतरचं तिसरं वर्ष.

घड्याळाची चाल मोजणाऱ्या टायमिंग मशीनवर घड्याळ ठेवणार असाल तर दोनदा ठेवा, एकदा सकाळच्या वेळेला आणि एकदा काटे रात्री ११ च्या पुढे नेऊन. रात्री कॅलेंडरचे स्प्रिंग ताणले जातात, बॅलन्सचा (वेळ राखणाऱ्या झुलत्या चाकाचा) झोका थोडा कमी होतोच. पण खूप खाली आला, तर तेल वाळलंय किंवा कुठेतरी लिव्हर घासतोय. दिवसा ठणठणीत आणि रात्री मरगळलेलं यंत्र मी पाहिलंय. विक्रेते अर्थातच दिवसा दाखवतात.

पाचवी पायरी: कागद

पातेक, व्हाशेराँ आणि ओदमार पिगे आपल्या जुन्या घड्याळांसाठी अभिलेखातला उतारा देतात. त्यावर केस आणि यंत्राचे क्रमांक, बनावटीचं वर्ष असतं. उताऱ्यात यंत्र साधं असल्याची नोंद आणि हातात जाळी, असा विरोध दिसला तर तिसऱ्या पायरीतली शंका खरी ठरली. मूळ बटण दाबायची काडी, पेटी, पुस्तिका असेल तर उत्तम. पुस्तिका मी सर्वांत वर ठेवतो, कारण घड्याळ लावायचा क्रम प्रत्येक यंत्रात थोडा वेगळा असतो.

परदेशातून मागवणार किंवा स्वतः घेऊन येणार असाल, तर सीमाशुल्काचा आकडा सौद्याआधी विचारून घ्या आणि घड्याळ जाहीर करून आणा. आणि सर्व्हिसिंगचा अंदाज लेखी मागा. पर्पेच्युअलची दुरुस्ती साध्या ऑटोमॅटिकच्या कैक पट पडते, जाळीदार असेल तर आणखी, कारण प्रत्येक तुकडा हाताळताना उतारांना ओरखडा लागू शकतो. गल्लीतल्या घड्याळजींवर माझा भयंकर जीव आहे, पण हे घड्याळ त्यांच्याकडे देऊ नका. चांगला घड्याळजी स्वतःच नको म्हणेल.

सहावी पायरी: घड्याळ लावणं

बहुतेक नुकसान इथेच होतं, आणि ते मालकच करतो.

थांबलेल्या घड्याळाला आधी क्राउनने वीस-पंचवीस वेळा किल्ली द्या. मग काटे पुढे फिरवत न्या, तारीख बदलेपर्यंत. बदलली, म्हणजे मध्यरात्र ओलांडली. तिथून पुढे सकाळी सातपर्यंत जा आणि थांबा. आता यंत्र झोपलंय, बटणं दाबायला हरकत नाही. घड्याळाच्या रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत बटण कधीच दाबू नका. त्या वेळी लिव्हर दात पकडून असतो, आणि तुम्ही त्याच चाकाला दुसऱ्या बाजूने ढकलत असता. तुटतं ते दातच.

बटणं केसच्या कडेला खोलवर असतात. लाकडी किंवा प्लॅस्टिकची काडी वापरा, सुई किंवा पेपरक्लिप नको. बटणाभोवती चांदण्यांसारखे ओरखडे पडलेलं घड्याळ पाहिलं की मला आधीच्या मालकाचा स्वभाव कळतो. पूर्ण दाबा, टिक् ऐकू येऊ द्या, मग सोडा. अर्धवट दाबलेलं बटण चाकाला दोन दातांच्या मध्ये सोडतं.

क्रमाबद्दल पुस्तिका म्हणेल ते. ती नसेल तर माझी सवय सांगतो: तारीख १० ते १५ च्या दरम्यान आणायची, कारण महिनाअखेरीपासून लांब असलं की लिव्हरवर ताण कमी. मग महिना आणि लिप वर्ष, मग तारीख, मग वार.

चंद्र शेवटी. चंद्राच्या चकतीला सहसा ५९ दात असतात आणि दोन चंद्र रंगवलेले, म्हणजे एक चांद्रमास २९.५ दिवसांचा. खरा मध्यम चांद्रमास २९.५३ दिवसांचा, त्यामुळे सुमारे अडीच-पावणेतीन वर्षांत एका दिवसाची चूक. परदेशी मालक यासाठी तक्ते शोधत बसतात. आपल्याकडे भिंतीवर कालनिर्णय असतंच. बटण दाबत दाबत खिडकीत पूर्ण चंद्र मधोमध आणा, गेल्या पौर्णिमेनंतर किती दिवस झाले ते मोजा आणि तितक्या वेळा दाबा. संकष्टी असेल तर तीन-चार. पंचांगातल्या तिथीची वृद्धी किंवा क्षय असल्याने एखाद्या दिवसाचा फरक दिसेल. घड्याळाचा चंद्र सरासरीने चालतो, आकाशातला नाही.

एक सूचना आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीच्या १९८५ च्या दा विंची घड्याळाबद्दल. ते स्केलेटन नाही, पण या काळातलं घ्यायला निघालेल्यांच्या वाटेत ते हमखास येतं. कंपनीचे घड्याळकार कुर्ट क्लाउस यांनी सगळं कॅलेंडर एका क्राउनवर आणलं, वर्ष चार आकड्यांत दाखवलं. फार सोयीचं, पण मागे जाता येत नाही. चुकून एक दिवस पुढे गेलात तर क्राउन ओढून घड्याळ एक दिवस थांबवून ठेवायचं आणि जगाने त्याला गाठायची वाट बघायची. दहा दिवस पुढे गेलात तर दहा दिवस.

सातवी पायरी: आपल्या हवेत सांभाळणं

ही घड्याळं स्वित्झर्लंडच्या कोरड्या, थंड दिवाणखान्यांसाठी केलेली. कडेला चार-पाच बटणांची भोकं म्हणजे दमटपणाला चार-पाच दारं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर मी असं घड्याळ बाहेर घालत नाही. पुण्यात पावसाळी दिवशी घातलंच तर घरी आल्यावर मऊ कापडाने पुसून, पट्टा सुकू देऊन, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात. पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला. पोलादी स्प्रिंगवर तांबूस ठिपका दिसला तर वाट बघू नका. जाळीतून तो लवकर दिसतो हा फायदा, तसाच तो लवकर पसरतो हा तोटा.

वाइंडरमध्ये (घड्याळ फिरवून चालू ठेवणाऱ्या पेटीत) सतत फिरवत ठेवावं का, यावर लोक भांडतात. माझं मत: चंद्रासकट सगळं लावायचा कंटाळा असेल तर ठेवा, पण मग यंत्र बारा महिने घासतंय हे लक्षात ठेवा. मी थांबू देतो. दोन-तीन दिवसांनी काढलं तर फक्त तारीख, वार आणि चंद्र तेवढ्या वेळा पुढे ढकलायचे, महिनाअखेर मध्ये आली नसेल तर काही अवघड नाही. मोबाइलच्या स्पीकरजवळ, बॅगच्या चुंबकी बटणाजवळ ठेवू नका.

आणि सर्व्हिसला देण्याआधी फोटो. दोन्ही बाजूंनी, तिरक्या उजेडात, प्रत्येक ब्रिजचे जवळून, आतले कोपरे स्पष्ट दिसतील असे. घड्याळजीला लेखी कळवा की ब्रिज आणि केस पॉलिश करायचे नाहीत. परत आल्यावर दुकानातून बाहेर पडायच्या आत भिंग लावून तेच कोपरे पुन्हा मोजा.